एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम : हार्ड डिस्कची वाटणी कशी करावी

केंद्रांच्या शिक्षण परिषदांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. शाळेत लोकवर्गणीतून अथवा ग्रामपंचायतीच्या साहाय्याने आलेला संगणक उत्तम चालत आहे; पण त्यावर विंडोज १० आहे, आणि ती आता जुनी झाली असे सांगण्यात येते. मग हा संगणक निर्लेखनात काढावयाचा की काय? प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० च्या सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्या. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. देणगीतून आलेले पुष्कळ संगणक या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, परंतु त्याचा वाली गेला, अशी ही स्थिती आहे.

अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घालता येते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून जगभरचे लोक तो वाढवीत आले आहेत. केरळ राज्यातील शासकीय शाळांचे संगणक-शिक्षण कित्येक वर्षे लिनक्सवर चालले आहे. तेथे २००१ साली सुरू झालेला 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २०१७ पासून 'काइट' या शासकीय कंपनीच्या रूपाने काम करीत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती तयार केलेली आहे. तेव्हा हा मार्ग काही अनोळखी नव्हे.

तथापि विंडोज पुसून टाकून तिच्या जागी लिनक्स घालावे, असे माझे मत नाही. आपल्या शाळांतून दहा-पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या संहिता व निकालपत्रके श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारख्या जुन्या साधनांच्या अक्षरवळणांत टंकलिखित केलेली आहेत. ती युनिकोडमध्ये नाहीत. ज्या विंडोजमध्ये ती तयार झाली तेथेच ती नीट उघडतात व छापता येतात. शिवाय शाळेचा छपाईयंत्र-जोडीदार, म्हणजे प्रिंटर, लिनक्सला मानवेलच याची हमी आधी देता येत नाही. म्हणून दोन्ही सिस्टीम एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदवाव्यात, इंटरनेटचे सर्व काम लिनक्समधून करावे, आणि जुन्या फाइलींसाठी विंडोज इंटरनेट न जोडता वापरावी, हे बरे. यू-डायस प्लससारखी कामे ब्राउझरमधूनच होत असल्याने त्यांस विंडोजच हवी असे नाही. हे शेजार साधावयाचे तर हार्ड डिस्कची वाटणी, म्हणजेच पार्टिशन, करावे लागते. ते काम कठीण नाही. पण एका चुकीच्या बटनाने शाळेचे सर्व संगणकीय दप्तर क्षणात नाहीसे होऊ शकते. यास्तव कृतीपूर्वी तिच्यामागचे तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

डिस्क आणि तिची मोजणी

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्यांची पेटी होय. या तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि त्यांवरून तरंगत जाणारे शीर्ष माहिती लिहिते व वाचते. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली अशी डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर घेतलेले एक छायाचित्र तेवढी जागा व्यापते. नव्या संगणकांत फिरत्या तबकड्यांऐवजी एसएसडी असते. तीत काहीच फिरत नाही, परंतु वाटणीचे नियम तेच आहेत.

डिस्कवरील जागेचे लहान लहान समान तुकडे पाडलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात, आणि शून्यापासून आरंभ करून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. पार्टिशन म्हणजे 'अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतची जागा एका धन्याची' अशी नोंद. डिस्कमध्ये कोठेही प्रत्यक्ष भिंत उभी राहत नाही. शेताच्या गटाची फाळणी होते तेव्हा जमीन जागची हलत नाही, फक्त कागदावर हद्दी ठरतात व पोटहिस्से पडतात. येथेही तसेच होते.

एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. खोक्यावर ५०० जीबी छापलेले असते आणि विंडोज मात्र ४६५ जीबी दाखविते. दुकानदाराने फसविले असा ग्रह होतो. खरे कारण मोजमापाच्या दोन परिमाणांत आहे. डिस्क बनविणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे १ जीबी असे मोजते. पाचशे अब्जाला या संख्येने भागले की ४६५.६६ येतात. सातवी-आठवीच्या वर्गात घातांक शिकविताना हे उदाहरण मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे. आपल्याच शाळेच्या संगणकावर त्याचा ताळा पाहता येतो.

नोंद कोठे असते

या हद्दींची नोंद डिस्कच्या अगदी आरंभी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. तीत पहिल्याच सेक्टरच्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या छोट्या आज्ञावलीसाठी, ६४ बाइट पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी असतात. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून चौसष्टांत चारच नोंदी बसतात. ही पद्धत १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकाबरोबर आली. त्याची डिस्क अवघी १० एमबीची होती. तरीही एका डिस्कवर निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीम राहू शकाव्यात ही सोय तेव्हाच करून ठेवलेली होती. आपण जे करणार आहोत त्यासाठीच हा तक्ता जन्मला, असे म्हटले तरी चालेल.

चारांहून अधिक भाग हवे असल्यास एक भाग 'एक्सटेंडेड' करावयाचा आणि त्याच्या पोटात आणखी भाग पाडावयाचे. आधीचे चार हे जणू मूळ गट, आणि पोटातले ते पोटहिस्से. मूळ गटांना प्रायमरी व पोटहिस्स्यांना लॉजिकल असे म्हणतात. लिनक्स पोटहिस्स्यातही सुखाने राहते, हे ध्यानात ठेवावे. एमबीआरची दुसरी मर्यादा अशी की, सुमारे २.२ टीबीपलीकडील जागेची नोंदच तिच्या तक्त्यात करता येत नाही.

नव्या पद्धतीचे नाव जीपीटी. हीत विंडोज १२८ पार्टिशनांपर्यंत नोंदी ठेवू शकते, आणि मुख्य म्हणजे तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एक प्रत बिघडली तरी दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. जीपीटी असलेल्या डिस्कवर विंडोज सुरू होण्यासाठी संगणकात जुन्या बायोसऐवजी यूईएफआय ही व्यवस्था असावी लागते, आणि डिस्कवर ईएफआय नावाचे एक छोटे पार्टिशन असते, बहुधा १०० एमबीचे. विंडोज व लिनक्स या दोहोंच्या आरंभीच्या फाइली त्या एकाच पार्टिशनात वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. ते क्षुल्लक दिसते म्हणून कोणी पुसू नये. ते गेले की दोन्ही सिस्टीम उठणार नाहीत.

आपल्या संगणकावर कोणती पद्धत आहे हे ओळखण्यासाठी विंडोजच्या शोधपेटीत 'एमएसइन्फो ३२' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावी. उघडलेल्या तक्त्यात 'बायोस मोड' या ओळीसमोर 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' असे लिहिलेले दिसेल. हा शब्द वहीत टिपून ठेवावा. पुढे लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना तोही याच पद्धतीने सुरू व्हावा लागतो. अन्यथा लिनक्स बसते खरे, परंतु सुरुवातीच्या यादीत दोघांपैकी एकच दिसते.

भागांची लिपी

हद्द ठरली म्हणून जागा वापरण्याजोगी होत नाही. आत फाइली कशा मांडावयाच्या, त्यांची अनुक्रमणिका कोठे ठेवावयाची, याची एक रीत असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. विंडोजची रीत एनटीएफएस, आणि लिनक्सची सर्वसाधारण रीत ईएक्सटी ४. जुन्या दप्तरांतील मोडी लिपीचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. मोडी व बाळबोध दोन्ही जाणणारा कारकून कोणताही कागद वाचतो. केवळ बाळबोध जाणणाऱ्याला मोडीचा कागद निरर्थक रेघोट्यांसारखा दिसतो. लिनक्स हा पहिल्या प्रकारचा कारकून आहे. त्याला एनटीएफएस वाचताही येते व लिहिताही येते. विंडोजला मात्र ईएक्सटी ४ सहजासहजी वाचता येत नाही. इतकेच नव्हे, तर असे पार्टिशन पुढे आले की 'हे वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे काय?' असा प्रश्न ती विचारते. कोणी भाबडेपणाने 'होय' म्हटले की लिनक्स नाहीसे झालेच म्हणून समजावे. शाळेत अनेक हात संगणक हाताळतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'नाही' असेच द्यावयाचे, हे संगणकाजवळच्या भिंतीवर चिकटविलेले असावे.

यावरून एक सोय आपोआप सुचते. विंडोजसाठी एक भाग, लिनक्ससाठी एक भाग, आणि दोघांनाही वाचता येईल असा सामाईक कागदपत्रांचा तिसरा भाग. बांधावरच्या सामाईक विहिरीसारखा. शाळेच्या सर्व फाइली या तिसऱ्या भागात ठेवल्या म्हणजे आज कोणत्या सिस्टीममध्ये बसलो आहोत याला महत्त्व उरत नाही. शिवाय पुढेमागे एखादी सिस्टीम बिघडून पुन्हा घालावी लागली, तरी कागदपत्रांना धक्का लागत नाही. माझ्या मते वाटणीचा खरा लाभ हाच आहे. दोन सिस्टीम असणे हे निमित्त.

हा सामाईक भाग एनटीएफएसचाच करावा. काही जण एफएटी ३२ सुचवितात, कारण ती सर्वत्र वाचता येते. परंतु तीत ४ जीबीहून मोठी फाइल ठेवताच येत नाही, आणि स्नेहसंमेलनाचे एखादे चित्रीकरण ही मर्यादा सहज ओलांडते. वीज अचानक गेल्यास सावरून घेण्याची शक्तीही एनटीएफएसमध्ये अधिक आहे. खेड्यात हे कारण पहिल्याहून मोठे मानावे लागेल.

कामाला हात घालण्यापूर्वी

जवळच्या एका तालुक्यातील शाळेत घडलेला प्रकार येथे सांगतो. शाळेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. गावातील एका होतकरू तरुणाने सद्हेतूने शाळेच्या संगणकावर लिनक्स घालून दिले. घालताना पडद्यावर जे पर्याय येतात त्यांत 'डिस्क पुसून लिनक्स घाला' असा एक असतो. तो त्याने निवडला. अर्ध्या तासात लिनक्स उत्तम चालू लागले. पण तीन वर्षांची निकालपत्रके, शिष्यवृत्ती वर्गासाठी बाईंनी जमविलेले प्रश्नसंच आणि शाळेची सर्व छायाचित्रे गेली. पुढे काही छायाचित्रे परत मिळाली, बाकीचे मिळाले नाही. जनरल रजिस्टर व मूल्यमापन नोंदवह्या कागदावर होत्या म्हणून मुलांच्या नोंदी वाचल्या. बाईंनी निकालपत्रके कागदावरून पुन्हा तयार केली. प्रश्नसंचांची दुसरी प्रत मात्र कोठेच नव्हती.

त्यामुळे पहिले काम दुसरी प्रत काढण्याचे. बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर सर्व कागदपत्रे उतरवावीत, आणि ती प्रत दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून पाहिलेली नाही ती प्रत नाहीच असे समजावे. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली, मोबाइलवरून उतरविलेली छायाचित्रे आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले परवलीचे शब्द यांचा बहुधा विसर पडतो. ज्या शाळेत अशी प्रत ठेवण्यास साधनच नाही, तेथे हे काम साधन मिळेपर्यंत मुळीच करू नये.

दुसरे म्हणजे बिटलॉकर. काही संगणकांवर, विशेषतः नव्या लॅपटॉपवर, डिस्क कुलूपबंद केलेली असते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. अशा डिस्कची व्यवस्था बदलली की पुढच्या वेळी संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती नसेल तर शाळेची कागदपत्रे शाळेलाच बंद होतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' चालू आहे काय ते पाहावे, असल्यास किल्ली कागदावर उतरवून ती व्यवस्था बंद करावी, आणि पूर्ण उकल होईपर्यंत थांबावे.

तिसरे, वीज. डिस्कच्या हद्दी बदलत असताना वीज गेली तर फाइलींची मांडणी अर्धवट राहते. लॅपटॉप पूर्ण भारित करून चार्जर जोडलेला ठेवावा. मोठ्या संगणकाला यूपीएस असल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. भारनियमनाची वेळ टाळावी हे खेड्यातील शिक्षकाला सांगावयास नको.

आणि लिनक्स आपल्या यंत्राला मानवते काय, हे वाटणीपूर्वीच पाहता येते. उबुंटू, मिंट यांसारख्या लिनक्स आवृत्त्या पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतात. तेव्हा डिस्कला स्पर्शही होत नाही. दोन-चार दिवस असे चालवून प्रिंटर छापतो काय, वाय-फाय लागते काय, प्रोजेक्टरवर चित्र उमटते काय, देवनागरी इन्स्क्रिप्ट कळफलक चालतो काय, हे तपासावे. मुलांसाठी जीकॉम्प्री, टक्स पेंट, जिओजेब्रा हे कार्यक्रम घालून पाहावेत. प्रिंटर चालला नाही तर पुढे जाण्याची घाई नको.

प्रत्यक्ष वाटणी

समजा, ५०० जीबीची डिस्क आहे आणि तिच्यात आरंभीचे छोटे भाग सोडले तर सारी जागा 'सी' ड्राइव्हनेच व्यापली आहे. मोजमाप विंडोजच्या परिमाणाने करू. मी सुचवितो ती वाटणी अशी : विंडोजकडे २४० जीबी, सामाईक भागाला १७० जीबी, लिनक्सला ५० जीबी, आणि लिनक्सच्या स्वॅपला, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास वापरावयाच्या राखीव जागेला, ४ जीबी. बेरीज ४६४ होते. उरलेली सुमारे एक जीबी आरंभीच्या छोट्या भागांची. लिनक्सला ५० जीबी थोडे वाटतील, परंतु शाळेची कागदपत्रे तेथे ठेवावयाची नसल्याने ते पुरून उरतात. विंडोजला २४० जीबी अधिक वाटतील. त्याचे कारण लगेच पुढे येते.

'सी' आखूड करण्याचे काम विंडोजच्याच साधनाने करावे, कारण आपल्या फाइलींची मांडणी तिला अधिक चांगली ठाऊक. प्रारंभीच्या बटनावर उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. 'सी' वर उजवी कळ दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे. किती जागा कमी करावयाची तो आकडा एमबीमध्ये द्यावा लागतो. २२४ जीबी मोकळे हवेत, म्हणून २२४ गुणिले १०२४, म्हणजे २,२९,३७६. पुष्कळदा विंडोज तेवढी जागा सोडावयास तयार नसते. 'सी' मध्ये तीनशे जीबी रिकामे असूनही ती निम्म्याच्या आसपास येऊन अडते. काही फाइली तिला जागच्या हलविता येत नाहीत आणि त्या डिस्कच्या मध्यावर बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. म्हणूनच वर निम्मी जागा विंडोजकडे ठेवली आहे. तरीही अडले तर हायबरनेशन व सिस्टीम रिस्टोर तात्पुरते बंद करून पुन्हा प्रयत्न करावा.

भाग शेवटाकडून आखूड होतो तेव्हा काम थोडक्यात आटोपते. त्याची सुरुवातीची हद्द पुढे सरकवावयाची झाल्यास मात्र आतील सर्व माहिती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवावी लागते. त्याला तास लागतात आणि धोकाही मोठा. तेव्हा सुरुवातीची हद्द हलविण्याची वेळच येऊ देऊ नये.

आता 'अनॅलोकेटेड' असा काळ्या पट्टीचा मोकळा भाग दिसेल. त्यावर उजवी कळ दाबून १७० जीबीचे, म्हणजे १,७४,०८० एमबीचे, एनटीएफएस पार्टिशन करावे व त्याला 'शाळा' असे नाव द्यावे. उरलेले ५४ जीबी तसेच मोकळे सोडावेत.

एमबीआर डिस्कवर येथे एक खड्डा आहे. विंडोजने व विक्रेत्याने मिळून आधीच चार प्रायमरी भाग केलेले असतील, तर पाचवा करू जाताच विंडोज 'ही डिस्क डायनॅमिक करू काय?' असे विचारते. कधीही होकार देऊ नये. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स बसविणे हा मोठा व्याप होऊन बसतो आणि मागे फिरणे सोपे राहत नाही. अशा वेळी आधीच्या चारांपैकी एखादा, बहुधा विक्रेत्याने केलेला रिकामा 'डी', आतील फाइली हलवून पुसावा. मग चौथा भाग करताना विंडोज आपणहून एक्सटेंडेड भाग निर्माण करते, व त्यात हवे तितके पोटहिस्से पाडता येतात.

यानंतर संगणक पूर्ण बंद करून लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावावा. बाहेरची हार्ड डिस्क, जिच्यावर आपली दुसरी प्रत आहे, ती यापूर्वीच काढून ठेवलेली असावी. ती जोडलेली नसेल तर चुकून पुसलीही जाणार नाही. लिनक्स डिस्कांना सी, डी अशी अक्षरे देत नाही. पहिल्या डिस्कला एसडीए, दुसरीला एसडीबी, आणि भागांना एसडीए १, एसडीए २ अशी नावे ते देते; काही एसएसडींची नावे एनव्हीएमई या अक्षरांनी सुरू होतात. पेन ड्राइव्हसुद्धा यादीत डिस्क म्हणूनच दिसतो. नावापेक्षा आकाराने ओळखावे : १७० जीबीचा तो 'शाळा', २४० जीबीचा तो विंडोज, आणि ५४ जीबीची मोकळी जागा ती आपली.

घालण्याच्या पर्यायांत 'विंडोजच्या शेजारी घाला' हा एक असतो. तो चांगला आहे, पण तो स्वतःच वाटणी ठरवितो. आपण मोकळी जागा राखलेली असल्याने हाताने भाग निवडण्याचा पर्याय घ्यावा. मोकळ्या जागेत ४ जीबीचे स्वॅप व उरलेल्यात ईएक्सटी ४ चे पार्टिशन करून त्याच्या जोडणीचे ठिकाण केवळ तिरपी रेघ, म्हणजे लिनक्सचे मूळ, असे द्यावे. यूईएफआय संगणकावर आधीचे ईएफआय पार्टिशन वापरावयास सांगावे. 'फॉरमॅट' ची खूण त्याच्यापुढे असू नये. शेवटच्या बटनापूर्वी कोणते भाग बदलणार याची यादी पडद्यावर येते. ती दुसऱ्या शिक्षकाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. परीक्षेच्या गुणांची बेरीज दुसऱ्याकडून तपासून घेण्याची आपली रीत येथेही उपयोगी पडते.

विंडोज आधी व लिनक्स नंतर हा क्रम मोडू नये. लिनक्सबरोबर ग्रब नावाची यादी येते. संगणक सुरू होताच ती 'कोण हवे?' असे विचारते व विंडोजलाही तीत स्थान देते. विंडोज नंतर घातल्यास ती जुन्या एमबीआर संगणकावर आरंभीची आज्ञावली पुसून स्वतःची लिहिते, आणि लिनक्स डिस्कवर असूनही दिसेनासे होते.

एवढी काळजी घेऊनही तक्ता बिघडलाच, तर घाबरून पुन्हा फॉरमॅट करू नये. हद्दींची नोंद गेली म्हणजे आतली माहिती गेली असे नाही. तलाठ्याचे दप्तर जळाले म्हणून शेत वाहून जात नाही. माहिती खरोखर नष्ट होते ती तिच्यावर नवे लिहिल्याने. म्हणून संगणक तत्काळ बंद करावा आणि जाणत्या माणसाकडून टेस्टडिस्क या मोफत साधनाने हरवलेले भाग शोधून घ्यावेत. एसएसडीमध्ये मात्र ही आशा बरीच कमी असते, कारण फॉरमॅट केलेली जागा ती स्वतःच आतून साफ करू लागते.

वाटणीनंतरच्या तक्रारी

वाटणी झाल्यावर आठवड्याभरात ज्या तक्रारी येतात त्या ठरावीक आहेत. पहिली अशी की लिनक्समधून 'शाळा' हा भाग उघडतो, पण त्यात काही लिहिता येत नाही. दोष लिनक्सचा नसतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तीत संगणक बंद केला तरी विंडोज पूर्ण झोपत नाही. आपले काम अर्धवट मिटवून ठेवते व भागांवरचा ताबा सोडत नाही. दुसऱ्याच्या उघड्या वहीत लिहू नये या न्यायाने लिनक्स तेथे फक्त वाचते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवरच्या पर्यायांत जाऊन ही सोय बंद केली की तक्रार मिटते. याच कारणाने एका सिस्टीमला हायबरनेट करून दुसरीत शिरणे सर्वथा वर्ज्य आहे.

दुसरी तक्रार घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर वेळ साडेपाच तास मागे पडलेली दिसते. शाळा भरते साडेदहाला आणि संगणक पहाटेचे पाच सांगतो! संगणकातील मूळ घड्याळात विंडोज भारतीय वेळ आहे असे धरते. लिनक्स तेथे जागतिक वेळ लिहिते, आणि दोहोंत बरोबर साडेपाच तासांचे अंतर आहे. घड्याळ बिघडलेले नसते, म्हणून त्याची बॅटरी बदलून उपयोग नाही. लिनक्सला मूळ घड्याळात स्थानिक वेळच ठेवण्यास 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने एकदा सांगितले म्हणजे झाले. चुकीच्या वेळेने फाइलींच्या तारखा चुकतात आणि कित्येक संकेतस्थळे उघडत नाहीत, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

तिसरी तक्रार फाइलींच्या नावांची. लिनक्समध्ये 'निकाल : इयत्ता चौथी' असे नाव देता येते, विंडोजला नावातील विसर्गचिन्हासारखा तो कोलन, तसेच प्रश्नचिन्ह व तारका चालत नाहीत, आणि ती फाइल तेथे उघडत नाही. सामाईक भागातील नावांत अक्षरे, अंक व आडवी रेघ एवढेच वापरण्याचा दंडक शाळेने घालून घ्यावा.

मुख्याध्यापकांनी जडसंग्रह नोंदवहीत त्या संगणकाच्या नोंदीखाली वाटणीचा तपशील, म्हणजे कोणता भाग किती जीबीचा व कशासाठी, तारखेसह लिहून ठेवावा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला ५० जीबीचा एक 'अनोळखी' भाग दिसतो, आणि तो वाया गेलेली जागा समजून पुसून टाकतो, असे होऊ नये. लिनक्स खरोखरच काढावयाचे झाले, तर आधी विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोजची आरंभीची आज्ञावली पूर्ववत करावी. जुन्या बायोस संगणकावर 'बूटरेक' साधनाची 'फिक्सएमबीआर' आज्ञा त्यासाठी आहे. लिनक्सचा भाग त्यानंतर पुसावा. उलट क्रमाने केल्यास पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' अशी काळी ओळ येऊन संगणक थांबतो. कागदपत्रे मात्र अशा वेळी सुरक्षित असतात, आणि वर सांगितलेल्या पहिल्या कृतीने विंडोज पुन्हा उठते.